देशाविना ऋतुचर्या : प्रवासी रुग्णांच्या निमित्ताने



आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात ऋतुचर्येचा एक छापील तक्ता भिंतीवर लावलेला असतो. सहा ऋतू, प्रत्येकाचे दोन महिने, त्या त्या काळी होणारे दोषांचे संचय, प्रकोप व प्रशम आणि त्यास अनुसरून आहार-विहार, अशी त्याची मांडणी असते. अनेक औषधालये हाच तक्ता दिनदर्शिकेच्या मागे छापून ग्राहकांना भेट देतात. हा उपक्रम स्तुत्य आहे, यात वाद नाही. या तक्त्याविषयी माझे म्हणणे एवढेच आहे, की त्यात ‘काल’ आहे, ‘देश’ नाही. रुग्ण व वैद्य एकाच हवेत राहतात तोवर ही उणीव जाणवत नाही. रुग्ण प्रवासाला निघाला, की ती उघडी पडते.

गोरेगावसारख्या उपनगरात व्यवसाय करणाऱ्यास हा अनुभव वर्षातून तीन-चार वेळा हमखास येतो. मे महिन्याच्या सुट्टीत कुणी मालवण-रत्नागिरीकडील गावी जातो, कुणी लग्नकार्यासाठी नागपूर-चंद्रपूरला, कुणी उत्तर प्रदेशातील वा राजस्थानातील मूळ घरी. चारधामाच्या यात्रेला ज्येष्ठ मंडळी निघतात, तर तरुणांचे जथे लेह-लडाखकडे. गणेशोत्सवात निम्म्या चाळी कोकणात रिकाम्या होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी यांतील प्रत्येकजण येऊन म्हणतो, “वैद्यराज, प्रवासाला जातो आहे, काही सोबत द्या.” आणि बहुधा सर्वांच्या हाती तेच पडते : पचनासाठी एखादे चूर्ण, मळमळीसाठी एखादी वटी, सर्दी-खोकल्यासाठी सितोपलादी. कुठे जाणार, किती दिवस राहणार, तेथे सध्या हवा कशी आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ज्या शास्त्राने देशविचाराला चिकित्सेत इतके महत्त्वाचे स्थान दिले, त्याच शास्त्राच्या उपासकांकडून असे व्हावे, हे योग्य नाही.

शास्त्राची भूमिका

देशाचे जांगल, आनूप व साधारण हे तीन भेद आपण प्रथम वर्षातच पाठ करतो. वाग्भटांनी देशाचे भूमी व देह असे दोन अर्थ सांगून जांगल देश वातप्रधान, आनूप कफप्रधान व साधारण समदोष असल्याचे म्हटले आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात या देशांचे वर्णन अधिक विस्ताराने येते. तेथे आनूप देश ओळखण्यासाठी नारळी-केळींची दाट वने आणि नदी वा समुद्राचे सान्निध्य ही लक्षणे दिली आहेत. ती वाचताना आपल्या कोकणपट्टीचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. विमानस्थानात आहारविधीच्या आठ विशेष आयतनांत देशाची गणना काळाच्या बरोबरीने केली आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी, की ऋतूंची विभागणी सर्वत्र एकच असते असे आपल्या आचार्यांनी मानलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सहा ऋतूंच्या दोन गणना येतात : एकीत शिशिर आहे, तर दुसरीत त्याच्या जागी प्रावृट्. टीकाकारांनी काश्यपाच्या नावाने याचा जो खुलासा दिला आहे तो सर्वश्रुत आहे. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा असे पावसाचे दोन ऋतू. गंगेच्या उत्तरेस हिमालयामुळे थंडी अधिक, म्हणून तेथे हेमंत व शिशिर असे थंडीचे दोन ऋतू. ऋतुचर्येचा तक्ता प्रदेशागणिक बदलतो, हे आपल्याच परंपरेने स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. भिंतीवर एकच तक्ता लावण्याची सवय मात्र आपण स्वतःस लावून घेतली.

एका राज्यात तिन्ही देश

देशभेद पाहण्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि पश्चिम उतारावर व माथ्यावर जवळजवळ सर्व पाणी टाकून पुढे जातात. म्हणून महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाट उतरून तासाभरात वाईला पोहोचावे, तर तेथे तो हजाराच्याही आत असतो. आणखी पूर्वेस माण-खटावच्या माळरानावर पाणी हाच जगण्याचा प्रश्न होतो. एका जिल्ह्याच्या सीमेत आनूप व जांगल अशी दोन्ही टोके नांदतात. ‘सातारा जिल्ह्यात जातो आहे’ एवढ्या उत्तरावर वैद्याचे समाधान होता कामा नये, हा याचा अर्थ.

उंचीचाही असाच परिणाम आहे. दर हजार मीटर चढणीला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून मे महिन्यात माथेरान मुंबईहून पाच-एक अंशांनी सुखद वाटते. फार कशाला, आमच्या गोरेगावातच आरे वसाहतीच्या झाडीतील पहाट आणि स्थानकालगतच्या वस्तीतील पहाट यांत ऋतूचा फरक वाटावा इतके अंतर हिवाळ्यात जाणवते. देशाचे परीक्षण नकाशावरील नावावरून होत नाही. भूमी, जल, वायू आणि वनस्पती पाहूनच ते करावे लागते.

उष्णता एक, स्वभाव दोन

देशविचार विसरल्याची सर्वांत मोठी किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. मुंबईत मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते. नागपूर-चंद्रपूरकडे काही दिवस तापमान ४५ च्या पुढे जाते. केवळ आकड्याकडे पाहिले, तर विदर्भ धोक्याचा आणि मुंबई निर्धास्त असे वाटेल. परंतु १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर झाला, तेव्हा परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. समारंभासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे आली होती आणि तासन्‌तास उन्हात बसली होती. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. म्हणून दमट प्रदेशातील ३८ अंशांना कोरड्या प्रदेशातील ३८ अंश समजणे प्राणघातक ठरू शकते.

कोरड्या प्रदेशातील धोका निराळा आहे. तेथे घाम निघताक्षणीच वाळतो, त्वचा कोरडीच राहते आणि ‘मला घामच येत नाही, मग पाणी कशाला’ अशी मुंबईकराची समजूत होते. रात्री मुंबईहून गाडीत बसलेला मनुष्य आठशेहून अधिक किलोमीटर ओलांडून सकाळी नागपूरच्या फलाटावर उतरतो. एका रात्रीत तो आनूपातून जांगलात आलेला असतो. नव्या उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात; लग्नाला गेलेला पाहुणा तर तिसऱ्या दिवशी परततो. जुळवून घेण्याचा काळ त्याच्या वाट्याला येतच नाही. म्हणून तेथे त्याने काय टाळावे, हे सांगणे हीच त्याची मुख्य चिकित्सा आहे.

दोन्ही ठिकाणचे पथ्य एक असू शकत नाही. दमट उष्णतेत क्लेद वाढतो व अग्नी मंदावतो. तेथे लघू आहार, कोकमाचे सार, किंचित सैंधव घातलेले पातळ ताक आणि थोडे थोडे पाणी उपयोगी पडते. कोरड्या उष्णतेत वात-पित्ताचा रूक्ष-उष्ण स्वभाव बळावतो. तेथे स्निग्ध, मधुर, द्रव आहार, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, तळपायांना घृताचा अभ्यंग आणि दुपारी बारा ते चार घराबाहेर न पडणे हे सांगितले पाहिजे. शुंठी-मरिचप्रधान पाचक चूर्ण मुंबईच्या पावसाळ्यात गुणकारी असते. तेच मेमध्ये पित्तप्रकृतीच्या रुग्णासोबत चंद्रपूरला पाठवणे हा विचारपूर्वक केलेला औषधयोग नव्हे.

शोधनकाल आणि प्रवास

वसंतात वमन, शरदात विरेचन, वर्षात बस्ती हा क्रम आपण पाळतो. त्यातही देश आडवा येतो. मुंबईत ऑक्टोबरचा दाह सुरू झाला, की आपण शरद आला असे म्हणतो. त्याच वेळी चेन्नईत ईशान्य मोसमी पावसाची सुरुवात होत असते आणि तेथील वर्षभराच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातच पडतो. म्हणजे आपला शरद हा त्यांचा वर्षा ऋतू. गोरेगावात विरेचन घेऊन संसर्जनक्रम पुरा होण्याआधीच कामासाठी चेन्नईला निघालेला रुग्ण मंदाग्नी घेऊन पावसाळी हवेत शिरतो आणि उपाहारगृहातील अन्नावर राहतो. त्यानंतर जे होते त्याचा दोष विरेचनावर ठेवला जातो. शोधनापूर्वी ‘येत्या तीन आठवड्यांत प्रवास आहे का?’ हा प्रश्न रुग्णपत्रिकेवर छापलेलाच असावा, असे माझे मत आहे.

काळाचेही तसेच आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईतील आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून अशी एका दिवसानेच बदलली; परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मुंबईतील पाऊस आता नऊ दिवस उशिरा परततो असे मानले जाते. सप्टेंबरच्या अखेरीस भर पावसात ‘शरदातील विरेचन’ करणाऱ्यांनी याचा विचार करावा. महिना पंचांगात पाहावा, ऋतू मात्र खिडकीबाहेर पाहावा.

उंचीवरील देश आणि आपली मर्यादा

लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. रूक्ष, शीत आणि विरळ हवेचा हा देश आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत तेथे प्राणवायू सुमारे दोन-तृतीयांश मिळतो, आणि दिल्लीहून विमानाने गेलेला प्रवासी सुमारे दीड तासात तेथे पोहोचतो. केदारनाथही जवळपास त्याच उंचीवर आहे, अमरनाथची गुहा त्याहून वर. या यात्रांना जाणाऱ्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग असलेले ज्येष्ठ मोठ्या संख्येने असतात.

येथे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. उंचीवरील आजारावर आपण पुडी बांधून देऊन निश्चिंत होऊ नये. रुग्णास सांगावयाचे ते असे : पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती, मद्य वर्ज्य, तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोकेदुखी व मळमळ असता आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे वा भ्रमिष्टासारखे बोलणे सुरू झाल्यास विलंब न करता खाली उतरावे व रुग्णालय गाठावे. हृद्रोग्यास निघण्यापूर्वी त्याच्या हृद्रोगतज्ज्ञाकडे धाडावे. त्याची चालू औषधे आपण बंद करू नयेत. उष्माघाताचेही हेच. ताप चढून शुद्ध हरपू लागली, की सावलीत नेऊन, अंगावर पाणी टाकून, वारा घालून रुग्णालयात नेणे हीच चिकित्सा. बेशुद्धाच्या मुखात पन्हे वा औषध ओतणे नव्हे. आपल्या मर्यादा सांगितल्याने शास्त्राला उणेपणा येत नाही. साध्यासाध्यता हाही शास्त्राचाच भाग आहे.

स्थानिक अन्न किती मानावे?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांचे सात्म्य सांगितले आहे : पूर्वेकडील लोकांना मत्स्य, सिंधुदेशीयांना दूध, दक्षिणेस पेया, मध्यदेशी जव-गहू व गोरस. प्रत्येक प्रदेशाने आपल्या हवेला साजेसे अन्न शोधून काढले, याची ही नोंद आहे. केरळात पतंगाचे काष्ठ घालून उकळलेले गुलाबी पाणी पिण्यास देतात, कोकणात सोलकढी असते, विदर्भात उन्हाळाभर आंबील-पन्हे चालते. प्रवाशाने या पेयांचा आदर करावा.

परंतु देशसात्म्य हे तेथे राहणाऱ्याचे असते, दोन दिवसांच्या पाहुण्याचे नव्हे. नागपुरात जन्मलेल्यास सावजी रस्सा पचतो, म्हणून मे महिन्यात आम्लपित्ताच्या मुंबईकर रुग्णाने तो ओरपावा असे होत नाही. सवय चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावी व धरावी, असे चरकाचार्य सांगतात. त्यासाठी जितके दिवस हवेत तितके प्रवाशाजवळ नसतात. म्हणून अल्प मुक्कामात स्थानिक पेये घ्यावीत आणि मुख्य आहार शक्यतो नित्याचाच, पण कमी मात्रेत ठेवावा, असा मध्यम मार्ग मी सुचवतो.

औषधालयचालकांस विनंती

औषधांनाही देश बाधतो, हे आपणास सांगावयास नको. लवणभास्करासारखी क्षार-लवणयुक्त चूर्णे आणि अविपत्तिकर, सितोपलादीसारखी शर्करायुक्त चूर्णे जुलैतील मुंबईच्या हवेत डबी दोन-चार वेळा उघडताच ओलावा धरतात. गुग्गुळाच्या वट्या विदर्भातील उन्हात तापलेल्या मोटारीत मऊ होऊन एकमेकींस चिकटतात. खोबरेलाची तेले डोंगराळ थंडीत गोठतात आणि ग्राहक ‘तेल खराब झाले’ म्हणून फेकून देतो. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत उणे होऊ लागते असे म्हटले. नियम १६१-ब नुसार आता वेष्टणावर वापराचा अवधी छापावा लागतो. परंतु तो अवधी योग्य साठवणुकीत ठेवलेल्या औषधाचा असतो, प्रवाशाच्या पिशवीतील अर्धवट मिटलेल्या डबीचा नव्हे.

म्हणून प्रवासासाठी चूर्णे लहान, एकेका मात्रेच्या बंद पुड्यांत मिळावीत; शक्य तेथे चूर्णाऐवजी वटी द्यावी; मोटारीत औषध ठेवू नये, तेल गोठल्यास कोमट पाण्यात बाटली धरावी, अशा दोन ओळींची चिठ्ठी सोबत जोडावी. सर्वांसाठी एकच ‘प्रवास संच’ विकणे टाळावे. लेहला जाणाऱ्याचा व अलिबागला जाणाऱ्याचा संच एक असण्याचे कारण नाही.

एक-दोन आक्षेप

काही ज्येष्ठ स्नेही म्हणतात, प्रकृती जाणली की पुरे. देश गौण आहे. प्रकृती मुख्य आहे हे मान्य. परंतु पित्तप्रकृतीचा मनुष्य डिसेंबरात दिल्लीस जातो की मेमध्ये जळगावास, यावर त्याचे पथ्य उलटते. दुसरे म्हणतात, वातानुकूलित गाड्या व खोल्यांमुळे आता सर्वत्र एकच हवा झाली आहे. माझे निरीक्षण उलट आहे. २२ अंशांच्या डब्यातून ४५ अंशांच्या फलाटावर उतरणारा प्रवासी ऋतुसंधीचे चौदा दिवस एका पायरीत ओलांडतो. पूर्वीच्या प्रवाशाला खिडकीतून येणारी हवा वाटेतच बदलत गेलेली कळत असे. आजच्यास ती कळत नाही. देशविचाराची गरज त्यामुळे वाढली आहे. वेळेची अडचण सांगितली जाते, तर विचारावयाचे प्रश्न तीनच आहेत : कोठे व किती उंचीवर, किती दिवस, आणि तेथे सध्या ऋतू कोणता? याला मिनिटभर पुरते.

प्रस्ताव

आपल्या संघटनेने यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती करून थांबतो. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या जिल्ह्याचा स्वतंत्र ऋतुचर्या तक्ता करावा. त्यात हवामान विभागाच्या पावसाच्या तारखा, महिनावार तापमान, जिल्ह्यातील जांगल-आनूप-साधारण भाग आणि स्थानिक आहार यांची नोंद असावी. सातारा शाखेने महाबळेश्वर व माण यांचे तक्ते वेगळे करावेत. मुंबई उपनगर शाखेने आपला पावसाळा ऑक्टोबरपर्यंत मोजावा. हे तक्ते या त्रैमासिकातून क्रमाने प्रसिद्ध झाले, तर गोरेगावातील वैद्यास चंद्रपूरला जाणाऱ्या रुग्णासाठी चंद्रपूरचा तक्ता हाताशी मिळेल, आणि चंद्रपूरच्या वैद्यास मुंबईला शिकावयास निघालेल्या मुलासाठी आमचा. रुग्णपत्रिकेवर ‘मूळ देश, सध्याचा देश, नियोजित प्रवास’ अशा तीन ओळी वाढवण्यास तर खर्चही नाही. सभासदांनी आपापल्या भागातील निरीक्षणे संपादकांकडे पाठवून या कामास हातभार लावावा.